मुका वटवट्या

डाऊवे भावोजी, तुमच्या भावानं चार दिवस झाले माझ्याशी बोलणं टाकलंय, आणि गुन्हा काय, तर मी त्याला चिमटा काढला नाही! (गेस्केचा नमस्कार. तुमची कंबर बरी असेल. नसली तरी पुढचं वाचा.)

तुमच्यापासून आता काय लपवू? हिल्केला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. लाकडाच्या गिरणीनं कान खाल्ले त्याचे. आणि हा बाबा दर मे महिन्यात गावाला पहाटे जंगलात नेऊन पक्षी ओळखून दाखवणार! त्यातले ते दोन जातींचे वटवट्या म्हणजे जुळे भाऊ. अंगठ्याएवढे, हिरवट, पानापानांतून किडे टिपणारे. (एकाचे पाय काळे, दुसऱ्याचे फिके म्हणतात. पण पाय दाखवायला थांबतो कोण?) ओळखायचं गाण्यावरून. एक नुसता चिफ-चॅफ, चिफ-चॅफ ठोकत बसतो, दुसऱ्याचं गाणं जिना उतरल्यासारखं खाली येतं. म्हणून सहा वर्षं मी हिल्केच्या मागे उभी. पहिल्याला एक चिमटा, दुसऱ्याला दोन.

गेल्या रविवारी फेरीचा नुसता रस्ता पाहून यायला आम्ही चौदा जण गेलो. मास्तरांची बायको बाउक्ये बर्चच्या फांदीकडे बोट करून म्हणाली, "हा कोण हो, हिल्केदादा?" पक्षी समोर, चोच उघडी, गळा थरथरतोय. हिल्के चिमट्याची वाट बघतोय. मी काढला नाही. तेव्हा तुमचा भाऊ खणखणीत आवाजात सांगतो, "हा मुका दिसतोय. गाईल तेव्हा सांगतो."

भावोजी, तो गळा फाटेस्तोवर गात होता म्हणे! मी तर जागच्या जागी थिजले. लोकांना वाटलं थट्टा, पोट धरून हसले. मास्तर म्हणाले, "अरे, आता काय बिचाऱ्यानं बँड आणायचा?" हिल्केही हसला. पण घरी आल्यावर कोटसुद्धा न काढता म्हणाला, "चारचौघांत सूड उगवलास, गेस्के." तेव्हापासून तोंडाला कुलूप. येत्या रविवारी खरी फेरी, साठ माणसं. परत असं झालं तर कोणी हसणार नाही, फेरी काढून घेतील. आणि त्या फेरीवाचून त्या माणसाकडे दुसरं आहे काय?

तुमची वहिनी,
गेस्के

ता. क. सूड कसला डोंबलाचा! मलाच ऐकू आलं नाही. वीस वर्षं दुधाच्या कारखान्यात बाटल्यांचा खणखणाट ऐकला, त्याचं हे फळ. मी आपली समजत होते, यंदा वटवट्या आलेच नाहीत. हे हिल्केला सांगू नका. सुडाचं नाव मला चालेल.

आणखी ता. क. रविवारी तुम्ही माझ्या मागे उभे राहा. तुम्ही मला चिमटा काढा, मी त्याला काढते. (वहिनी म्हणून लाजू नका, पण हळू.) तुमचे कान शाबूत आहेत का, ते शनिवारपर्यंत कळवा. पत्रानंच. फोन करत बसू नका, या घरात तो आता उचलणार कोण?