शाबूत पिसांची

३ ऑक्टोबर
पुन्हा पिसं! खुराड्यात, पायरीवर, वाळत घातलेल्या चादरीवर. सहा कोंबड्यांपैकी पाच उघड्या पडल्यात. एकीची मान म्हणजे जुना खराटा. आठवडाभर अंडं नाही. सहावी मात्र तुकतुकीत — बाईसाहेब. यांनी सदऱ्याच्या खिशात घालून वाढवलेली. नावही यांचंच. "घरात एक बाईसाहेब आहेच, आणखी एक चालेल," माझ्याकडे बघून म्हणायचे.
हे जाऊन सात आठवडे झाले. ती अजून फाटकाकडे तोंड करून बसते. मी बसत नाही. मला कामं आहेत.

५ ऑक्टोबर
उवा शोधल्या. एकेकीचे पंख उलटून, भिंगाने. एकही नाही. तरी लोळायला राख टाकली.
धाकटी जाऊ भिंतीवरून बघत होती. काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तशी मी आत निघून आले. हे जाऊन आठवडा झाला नव्हता आणि ही विचारते, "एकटीला एवढं अंगण कशाला लागतं, जाऊबाई?" तिच्याशी बोलायचं नाही म्हणजे नाही.

८ ऑक्टोबर
वाचनालयातून पुस्तक आणलं. शाळा चौथीत सुटली, पण छापलेलं सगळं हिला खरं वाटतं, असं हे चिडवायचे. पान एकेचाळीस: कोंबड्या एकमेकींची पिसं उपटतात, जिची पिसं शाबूत, तिच्यावर नजर ठेवा. तिथेच पुस्तक मिटून अंगणात गेले.
नजर ठेवली. दुपारी बाईसाहेबांनी जमिनीवरचं पीस उचललं आणि गिळलं. माझ्या डोळ्यांदेखत!

९ ऑक्टोबर
तिला टोपलीखाली कोंडली. सारखी ओरडते. यांची लाडकी म्हणून किती सोसायचं?
खरं लिहायचं तर तिचा गुबगुबीतपणाच बघवत नाही. या घरात शाबूत राहायचा हक्क हिलाच कुणी दिला?

११ ऑक्टोबर
दिली. खाटीक म्हणाला, "काकू, चांगली धडधाकट आहे की! देताय कशाला?"
म्हटलं, दुसऱ्यांना सोलते.
"म्हणजे आमच्याच धंद्यातली!"
तो हसला. मीही हसले. घरी येऊन टोपली घासून ठेवली.

१७ ऑक्टोबर
पिसं अजून गळतातच.

२९ ऑक्टोबर
पाचही जणींच्या अंगावर बारीक काटे आलेत. हाताला टोचतात — नवी पिसं! पुस्तक पुन्हा काढलं. पान एकेचाळीस: कोंबडी वर्षातून एकदा जुनी पिसं टाकते. तेवढ्या काळात अंडी थांबतात. सगळ्यांची एकदम गळत नाहीत. एखादीची दोन महिने आधीच गळून नवी येतात. गळलेलं पीस कुणी खाल्लं तर तो गुन्हा नव्हे.
एक पान! मला एक पान उलटवलं नाही.
पण बाईसाहेबांची पिसं गळली कधी? मी तर पाहिली नाहीत.

३० ऑक्टोबर
भिंतीपाशी जाऊन जावेला हाक मारली. विचारलं.
"तुम्ही दोघं दवाखान्यात होता तेव्हाच! पार नागडी झाली होती. दाणे मीच टाकत होते ना. भेटायला आले तेव्हा भाऊजींना सांगितलं, तुम्ही औषधं आणायला खाली गेला होता. इतके हसले, जाऊबाई! म्हणाले, तिला सांगू नका, मला सोडून कोंबडीच्या उशाशी जाऊन बसेल."
सहा आठवडे मी त्यांच्या उशाशी होते. एकदाही हसले नाहीत.