लिस्बनची विदुषी आणि कोपरीची विळी

३ ऑगस्ट
ठाण्याला व्याख्यानाला जाऊन आलो. विषय: युरोपातलं जुनं लॅटिन शृंगारिक वाङ्मय. हेमाला 'युरोपचा इतिहास' एवढंच सांगितलं. खोटं नाही.

सतराव्या शतकात एका फ्रेंच वकिलानं लॅटिनमध्ये भयंकर चावट संवाद लिहिले. कव्हरवर नाव मात्र एका स्पॅनिश विदुषीचं. ती जाऊन शंभर वर्षं झालेली. वर, मूळ स्पॅनिशवरून लॅटिन भाषांतर अमुक डच पंडिताचं, असंही छापलं. तोही वारलेला. दोघं फुकट बदनाम, वकीलसाहेब नामानिराळे! हॉलमध्ये सगळे हळहळले. मला एकट्याला तो माणूस पटला.

संकल्प: यंदा दिवाळी अंकासाठी असंच काहीतरी. धाडसी. पाणीटंचाईवर वाचकांची पत्रं लिहिणं बास झालं.

५ ऑगस्ट
अडचण: लॅटिन येत नाही. पण सगळं मीच मराठीत लिहून 'लॅटिनवरून अनुवादित' म्हटलं तर कोण तपासणार आहे? मूळ लेखिका: लिस्बनची विदुषी बेआत्रिस (निर्मिती माझी). अनुवादक म्हणून माझं नाव नको. डिसेंबरात ज्येष्ठ नागरिक संघाची निवडणूक आहे, अध्यक्षपदाला मी उभा आहे. शिवाय हेमा.

१० ऑगस्ट
अनुवादक सापडले. हेमाचे कोपरीचे मामा, कै. प्रा. हरिहर टिल्लू. बॉटनीचे. झाडांची लॅटिन नावं घडाघडा म्हणायचे, म्हणून सगळ्या नातेवाइकांत लॅटिनचे पंडित. आता तक्रारही करणार नाहीत. त्यांच्या कपाटात हस्तलिखित सापडलं, ते मी, त्यांचा भाचेजावई, फक्त उतरवून काढतोय. वकिलानं टाळी दिली असती.

१७ ऑगस्ट
लेखन जोरात. दोन मैत्रिणी. एकीचं लग्न ठरलंय, दुसरी तिला सगळं समजावते. सगळं म्हणजे सगळं. लिस्बन बघितलेलं नाही, म्हणून त्यांना स्वयंपाकघरात बसवलं. आत हेमा नारळ खोवत होती. विळीवर बसली की तिची मान जरा डावीकडे झुकते, मानेवर घाम येतो, एक बट तिथे चिकटून बसते. तेवढ्यावरच पान भरलं. पुढे काय लिहिलं ते इथेही लिहिणार नाही. मलाच घाम फुटला.

हेमानं विचारलं, काय लिहिताय. म्हटलं, पाण्याचं पत्र.

२५ ऑगस्ट
संपादक मुकुलचा फोन. काका, एकदम कडक आहे, म्हणाला. मामांचा फोटो हवाय. मूळ लॅटिन पुस्तक कुठंय, तेही विचारलं. वाळवीनं खाल्लं, असं ठोकून दिलं. फोटो हेमाकडून 'श्रद्धांजली छापतायत' म्हणून घेतला.

४ ऑक्टोबर
अंक आला. मामांचा अर्धं पान फोटो, चंदनाच्या हारासकट. त्याच्याखाली लगेच शृंगार. माझं नाव शेवटी बारीक टायपात: 'सौजन्य'. संघातल्या एकानेही वाचलेलं नाही, पण कितव्या पानावर काय आहे ते सगळ्यांना ठाऊक. मनातल्या मनात प्रचंड यश.

९ ऑक्टोबर, सकाळी
कलावतीमामींनी अंक मिळवला. आम्हा दोघांना ताबडतोब कोपरीला बोलावलंय. धोरण: सगळं मुकुलवर ढकलायचं.

संध्याकाळी
मामींनी आधी अंकात छापलेल्या वाळवीवरून झापलं. माझ्या घरात वाळवी? मग रडायलाच लागल्या. म्हणाल्या, विळीवर बसलेली ती मीच हो. हे उभ्या जन्मात झाडांशी बोलले, माझ्याशी नाही. मनात एवढं होतं तर एकदा तरी बोलायचं. फोटोला ताजा हार घातला. हेमाही रडली. मुकुलवर काही ढकलता आलं नाही. मी चहा प्यायलो.

१६ नोव्हेंबर
समीक्षा नावाच्या पीएच.डी. करणाऱ्या मुलीनं मोठा लेख लिहिलाय. अशी विदुषी कधी झालीच नाही. लिस्बनची बाई विळीवर नारळ कशी खोवेल? लॅटिन मूळ वगैरे सगळी थाप. पकडलं जावं असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

तिचा निष्कर्ष: हे प्रा. टिल्लूंचं स्वतंत्र मराठी लेखन. संकोचापोटी एका काल्पनिक विदुषीआड लपलेला थोर लेखक.

सगळं बरोबर. फक्त माणूस चुकला.

७ डिसेंबर
टेंभी नाक्याजवळच्या हॉलमध्ये मामांना मरणोत्तर पुरस्कार. मामींना शाल, श्रीफळ. टाळ्या थांबेनात. मुकुलनं माझी ओळख 'कपाट उघडणारे जावई' अशी करून दिली. मामींची पर्स माझ्या हातात होती.

१४ डिसेंबर
निवडणूक झाली. मी एकटाच उभा होतो. तरी संघानं पद तूर्त रिकामं ठेवायचं ठरवलं.

म्हणजे आता लपायचं कारणच उरलं नाही. संकल्प: हेमाला खरं सांगणे. ती खूश होईल. अशा संवादांची नायिका व्हायला कुठल्या बाईला आवडणार नाही?

१५ डिसेंबर
सांगितलं. आधी ती हसली. मग म्हणाली, गेलेल्या माणसावर जळता? शोभतं का या वयात? मी शपथ घेतली. तेव्हा तिनं शांतपणे विचारलं, अहो, चाळीस वर्षांत तुम्ही एकदा तरी माझ्या मानेकडे बघितलंत का?

बघितलं, म्हणालो. कधी, म्हणाली.

पुरावा एकच आहे, आणि त्यावर मामांचा फोटो आहे. फार वाईट वाटलं. जेवलो नाही. थोडंसं जेवलो.

२१ डिसेंबर
मामींचा फोन. यांच्या कपाटातून नेलेल्या कागदांत आणखी काही निघतंय का बघा ना, तेवढाच मला आधार. नाही म्हणवेना. शोधतो म्हटलं. सकाळपासून टेबलाशी बसून शोधतोय. आत विळी चालू.

हेमा डोकावली. मामांचं काही मिळालं का? म्हटलं, एक पान मिळालंय. तिनं ओले हात पदराला पुसले, उभ्यानंच वाचलं. डोळे भरून आले. म्हणाली, मामींच्या मानेवर मागे तीळ आहे, मला इतक्या वर्षांत कळलंच नाही. मामांचं किती लक्ष होतं बघा.

मग पाठ फिरवून आत गेली. तीळ जागच्या जागी होता.