‘मार्जोलेन’च्या तळातले भोक

मी, तांगी केरवेला, वय बासष्ट, राजाच्या ‘मार्जोलेन’ या फ्रिगेट युद्धनौकेवरचा एके काळचा मुख्य सुतार, राहणार ब्रेस्ट बंदर. गुडघे कामातून गेले आहेत, डोके शाबूत आहे. कोणी भरीस घातले म्हणून नव्हे, माझ्या खुशीने हे लिहून ठेवतो.

एक. राहती खोली आणि परसातली सफरचंदाची झाडे पुतणी सोइझिक हिला. तिच्या नवऱ्याने झाडांना करवत लावू नये. त्याचा हात मी पाहिला आहे.

दोन. वाकस आणि रंधे गोदीतल्या सुतारांना. मोठे गिरमिट माझ्याबरोबर पुरावे; कारण पुढे येते आहे.

तीन. कपाटावरची ‘मार्जोलेन’ची लाकडी प्रतिकृती. खरी फ्रिगेट सतराशे सत्तर साली पाण्यात उतरली तेव्हापासून पंच्याऐंशीत मोडीत निघेपर्यंत मी तिच्यावर होतो. मार्टिनिकला व्यापारी जहाजे सुखरूप पोचवली, इंग्रजांची दोन धरून आणली, पाँडिचेरीपर्यंत जाऊन आलो. फार सुखाचे दिवस होते. एकोणऐंशीच्या वादळात तळातून पाणी शिरले. फळ्यांच्या फटींत काथ्या आणि डांबर भरणारा एर्वे कोलेक आणि मी छातीभर पाण्यात उभे राहून मेरीमातेला नवस बोललो: वाचलो तर टेकडीवरच्या तिच्या चॅपलमध्ये जहाजाची प्रतिकृती टांगू, दोघे मिळून, अनवाणी.

वाचलो आणि भांडलो. मी म्हणालो, "तुझी फट उघडली." तो म्हणाला, "तुझी फळीच सडकी!" नऊ वर्षे बोलणे नाही, नवस तसाच.

चार. जहाज मोडताना ती फळी मीच काढली. वादळाच्या आदल्या वर्षीच्या दुरुस्तीत मी मोठ्या गिरमिटाने तिला खुंटीसाठी भोक पाडले, खुंटी ठोकायची विसरलो आणि वर डांबर फासले गेले. दोष माझा होता. तीन वर्षे गप्प राहिलो याची लाज वाटते. ~~माझ्यामागे एर्वेने प्रतिकृती एकट्याने नेऊन टांगावी.~~

साक्षीला एर्वेलाच बोलावले. नोटरी म्हणाले, "ज्याला काही मिळतं त्याची साक्ष चालत नाही."

मी म्हणालो, "मिळत काही नाही साहेब, फक्त ओझं उचलायचंय."

त्यांनी सगळे मोठ्याने वाचून दाखवले. एर्वे लालबुंद झाला. "नऊ वर्षं ती फट माझ्या डोक्यातून गेली नाही, गाढवा!" मग खाली वाकून जोडे काढू लागला. "तू मरेपर्यंत कोण थांबतंय? ऊठ."

सबब चौथ्या कलमातली शेवटची ओळ मीच खोडली आहे. चढ मोठा आहे. एर्वे म्हणतो, एका हाताने जहाज धरीन, दुसऱ्याने तुला.

सही: तांगी केरवेला
साक्षीदार: एर्वे कोलेक (लिहिता येत नाही, आपल्या हातोड्याचे चित्र काढले)
साक्षीदार: यान रिउ, नोटरीचा कारकून
ब्रेस्ट, १४ मे १७८८, सकाळ. सही करताना पहिले दोघे अनवाणी.