खोली क्रमांक सातच्या खिडकीच्या उघडझापी आगाऊ मिळणेबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अधिकारी,
इमारत देखभाल विभाग.

विषय: आईच्या खिडकीला नियम क्र. ९ मधून सूट मिळणेबाबत.
संदर्भ: दारे-खिडक्या निवड समितीचा अहवाल (माझ्याच हस्ताक्षरातील).

महोदय,

१. कर्मचारी निवासस्थानांच्या जुन्या लाकडी खिडक्या फुगून बसल्या होत्या. काही कागदाची घडी कोंबल्याशिवाय मिटत नसत, तर काही बुक्की मारल्याशिवाय उघडत नसत. पुढची चाळीस वर्षे बघायला लागू नये अशा खिडक्या निवडण्याचे काम समितीकडे आले, आणि सदस्य सचिव म्हणून मी ते मनापासून केले. नमुन्याची झडप मी स्वतः तीन दिवस उघडून-मिटून पाहिली. माझा उजवा खांदा अजून वर जात नाही. दुहेरी काच, रबरी पट्टी, न गंजणारी बिजागरी, कशातही खोट निघाली नाही.

२. उत्पादकाची हमी पंधरा हजार उघडझापींची होती. चाळीस वर्षांचे दिवस होतात चौदा हजार सहाशे. सबब प्रत्येक खिडकी रोज एकदाच, तीही सकाळी सात वाजता पंधरा मिनिटे उघडावी व उरलेल्या चारशे उघडझापी पाहुणे व आजारपण यांसाठी राखून ठेवाव्यात, असा नियम क्र. ९ मी सुचवला. प्रत्येक खिडकीला कुलूप, नोंदवही व किल्ली कुटुंबप्रमुखाकडे, हेही मीच सुचवले. आपण भर बैठकीत माझी पाठ थोपटलीत. त्या दिवशी मी घरी पेढे वाटायचेच बाकी होते.

३. माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. गुडघे तिला तीन मजले उतरू देत नाहीत. समोरच्या इमारतीत निवृत्त परिचारिका माई राहतात. गेली बावीस वर्षे या दोघी खिडकीतून खिडकीत भांडत आल्या आहेत. फोनवरच्या भांडणात राम नाही, असे दोघींचेही मत आहे. आईची खिडकी नियमानुसार सात वाजता उघडते व सव्वासातला मिटते. माई नऊला उठतात.

४. नवी काच इतकी उत्तम आहे की पलीकडचा शब्द अलीकडे येत नाही. म्हणून खुणा सुरू झाल्या. गेल्या महिन्यात माईंनी कपाळाला हात लावून आईकडे पाहिले. आपल्याला वेडी म्हटले, असे समजून आईने तीन दिवस पडदा ओढून ठेवला. चौथ्या दिवशी कळले की माईंना ताप होता व त्या औषध मागत होत्या. माई आता बऱ्या आहेत. आई मात्र बोलत नाही. मी विचारले, तर एवढेच म्हणाली, "तू तुझी खिडकी टिकव बाबा. मी बसते गप्प."

५. महोदय, बावीस वर्षांत ती गप्प बसावी असे मला अनेकदा वाटले होते. आता घर खायला उठते.

६. प्रस्तुत अर्ज कार्यपद्धतीनुसार प्रथम माझ्याच टेबलावर आला. नियम क्र. ९ ला सूट नाही, असा शेरा मारून मी तो दोनदा फेटाळला. दुसऱ्यांदा फेटाळला तेव्हा बायको म्हणाली, "आता वरच्या साहेबांना लिहा. तुमच्याकडून काही होणार नाही." म्हणून हा आपणाकडे थेट सादर करत आहे. शिस्तभंगाची कारवाई करावयाची झाल्यास तिचा मसुदाही मीच करून देईन, विभागात दुसरे कोणी रिकामे नाही.

७. चाळीस वर्षांनी ही खिडकी नव्यासारखी असेल, अशी लेखी हमी मी देतो. त्या वेळी आई एकशे अठरा वर्षांची असेल. तिची हमी मला कोणी दिलेली नाही. तरी तिच्या वाट्याच्या सर्व उघडझापी तिला आताच, एकत्र, लागतील तशा वापरू द्याव्यात. खिडकी लवकर खिळखिळी झाली, तर कागदाची घडी कोंबायला मी आहे.

आपल्या टेबलापासून तिसऱ्या टेबलावरचा,
आपलाच आज्ञाधारक,
(सही)
वरिष्ठ लिपिक तथा सदस्य सचिव, निवड समिती
तथा मुलगा, खोली क्र. ७
दिनांक: १२ जून

सोबत:
१. हमीपत्राची प्रत.
२. उघडझाप नोंदवही. आज सकाळी नऊनंतरच्या नोंदी नाहीत.
३. खिडकीची किल्ली जोडलेली नाही. ती आईने माझ्या खिशातून काढून माईंच्या खिडकीत फेकली आहे. माईंनी ती झेलली.