डिसेंबरातली कैरी

शुक्रवार, १८ डिसेंबर १९९८

मला तिसरा महिना लागलाय. अन्न पोटात राहत नाही आणि डोहाळे लागलेत कैरीचे. डिसेंबरात नाशकात कैरी कुठून आणायची? ह्यांनी मंडईत विचारलं, तर भाजीवाली हसली म्हणे.

आज दुपारी सासूबाई गॅलरीतल्या वाळक्या रोपाच्या डब्यापुढे बसल्या. पेठच्या रानातून त्यांनीच आणून लावलेली आंबेहळद. पानं पार वाळलेली, मी तर टाकून द्या म्हणत होते. त्यांनी माती उकरली, आल्यासारखा कंद काढला, मोडला आणि माझ्या नाकाशी धरला. कैरी. अगदी चिकाची, ताजी कैरी.

लिंबू-मीठ लावून पातळ चकत्या दिल्या. दोन पोळ्या खाल्ल्या, आणि त्या पोटात राहिल्या. रानात सागाच्या सावलीत वाढणारं गुडघ्याएवढं रोप. आंब्याशी नातं ना गोतं, मग हा वास आणतं कुठून? अजून बोटांना येतोय. हात धुवावेसे वाटत नाहीत.

एक कंद मात्र त्यांनी परत मातीत पुरला. मी विचारलं, "तो कशाला?"

"ऱ्हाऊ दे. पुढच्या खेपेला लागंल."

पुढची खेप आहे असं सासूबाईंना कोणी सांगितलं?