गुडघ्याला लागून गेलेला गोल

बाबा, तुमच्यावर चिडून लिहायला बसले आहे, हे आधीच सांगते. तुम्ही असताना तुमच्याशी धड भांडणं घरात कुणालाच जमलं नाही. कुणी आवाज चढवला की तुम्ही दशावतारातल्या नारदाच्या आवाजात उत्तर द्यायचात, समोरच्याला हसू फुटायचं आणि भांडण तिथंच विरायचं. आईसुद्धा हसायची, मग आपण हसलो म्हणून दिवसभर धुसफुसत राहायची. आता तुम्हाला जाऊन वीस-पंचवीस वर्षं झाली. आता तुम्हाला मध्ये बोलता येणार नाही, तेव्हा मुकाट्यानं ऐका.

तुमच्या लाडक्या फुटबॉल क्लबाला पन्नास वर्षं झाली. संघ आता नाही, खाणीच बंद पडल्यावर पगार देऊन खेळाडू ठेवणार कोण? पण जुन्या लोकांची हौस जात नाही. इथं डिचोलीत समिती झाली, स्मरणिका काढायचं ठरलं, आणि ही हायस्कुलात मराठी शिकवायची, शिवाय तुमची मुलगी, म्हणून ‘संघाच्या इतिहासातले मानाचे क्षण’ हे प्रकरण माझ्या गळ्यात घातलं. मीही मूर्ख, हौसेनं घेतलं. वही-पेन घेऊन घरोघर फिरले. एका घरी ऐकलं की पहिल्या मोठ्या सामन्यात गोलपोस्टचा आडवा दांडा मोडला, तेव्हा आमच्या गोलकीपरनं तो एका हातानं धरून ठेवला आणि दुसऱ्या हातानं बॉल अडवला. मी विचारलं, तुम्ही पाहिलंत? म्हातारा म्हणाला, “पळोवंक खंय गेल्लों? तुज्या बापाशीन सांगलां मगे!” म्हणजे पाहिलं नव्हतंच, तुमच्याकडून ऐकलं होतं. दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच. ज्याला त्याला सगळं पाठ, आणि तेही तुमच्या शब्दांत, तुम्ही जिथं श्वास घ्यायचात तिथं श्वास घेऊन. दिवे गेले तेव्हा खाणीच्या ट्रकांनी मैदानाभोवती उभं राहून हेडलाइट लावले आणि सामना पुरा झाला, ही तर मला तुमची अस्सल थाप वाटली होती. नेमकी तीच खरी निघाली. त्यातल्या एका ट्रकाचा ड्रायव्हर अजून आहे, बॅटरी उतरली म्हणून अजून करवादतो. म्हणजे तुमचं खोटंही खात्रीनं धरता येत नाही.

नव्या पोरांना सांगून खरं वाटत नाही, म्हणून तुमचा तो उद्योग मी प्रस्तावनेत लिहून काढला होता. संघ गोव्याबाहेर खेळायला गेला की बरोबर गेलेला मॅनेजर तिकडून ट्रंककॉल लावायचा. खाणीच्या ऑफिसातला फोन तुमच्या टेबलावर. कारकुनी तुमची पोटापुरती, पण पेडण्याकडच्या दशावतारी कंपनीत तरुणपणी केलेली कामं तुमच्या अंगातून कधी गेलीच नाहीत. एका कानाला फोन, दुसऱ्या हातात माईक, आणि ऑफिसाच्या छपरावर भोंगा. बाहेर अंगणात सगळा गाव बसलेला. मॅनेजर बिचारा तिकडून ओरडायचा, “कॉर्नर मेळ्ळो,” आणि एवढ्यावर तुम्ही इकडे पाच मिनिटं रणांगण उभं करायचात. दशावतारात तरी कुठं संवाद लिहिलेले असतात? कथा ठाऊक असली की राजा आपलं राजाचं बोलतो. तुम्हाला आकडा ठाऊक असायचा, बाकीचं तुम्ही बोलायचात. लोकांना हे कळत नव्हतं असं नाही. पण कोण विचारतो?

त्या अंतिम सामन्याचा दिवस मला लख्ख आठवतो. सामना केरळात. मी तुमच्या टेबलाखाली बसले आहे, कारण बाहेर जागा नाही. खाली लाल धूळ, तुमचे पाय, आणि एका पायातली चप्पल सारखी हलते आहे. शून्य-शून्य. वेळ संपत आलेली. फोनमध्ये नुसती खरखर, आणि त्या खरखरीतून मॅनेजरचा आवाज मलाही ऐकू येतो, “गोल! गोल! आमचो!” आणि लाईन मेली. तुम्ही हॅलो हॅलो करता. चप्पल हलायची थांबते. बाहेर तुमच्या हॅलोवरूनच लोक उठून उभे राहिले आहेत. आणि मग तुम्ही फोन खाली ठेवता, उभे राहता, आणि ती तुमची राजाची मराठी सुरू होते. “डावीकडून निघाला! आमचा हरमलचा वीर निघाला! एकाला चुकवलं, दोघांना चुकवलं, आणि उसळला! बॉल डोक्यावर घेतला! गोलकीपर पाहतो... आणि पाहतच राहतो!” बाहेर जे ओरडणं झालं त्यानं टेबलावरची शाईची दौत हलली. मी टेबलाखालून तुमच्या पायांना मिठी मारली होती. मला वाटलं, गोल तुम्हीच मारला.

इथवर माझी काही तक्रार नाही, बाबा. फोन मेला होता, लोक उभे होते, गोल झालाय एवढं खरं होतं, कुणी मारला ते ठाऊक नव्हतं. हरमलचा तो विंगर देखणा, सगळ्यांचा लाडका, तुम्ही त्याला दिलात. तुमच्या जागी कुणीही असतं तरी तेच केलं असतं. माझा राग आहे तो दुसऱ्या वेळचा. संघ परत आला, चौकात ट्रकावर चढवून मिरवणूक काढली, आणि लोकांनी तुम्हाला वर ओढलं, परत सांगा म्हणाले. तोवर तुम्हाला कळलं होतं. मॅनेजरनं तुमच्या कानात सांगितलं ते मलाही ऐकू आलं, मी तुमचं बोट धरून होते. गोल हरमलच्यानं मारला नव्हता. तो तर तेव्हा पाय मुरगळून बाहेर बसला होता. गोल त्याच्या जागी शेवटी उतरवलेल्या बदली खेळाडूचा, त्या दोडामार्गच्या पोराचा, जो खाणीच्या गॅरेजमध्ये ट्रकांचे टायर बदलायचा. कॉर्नरवरून गर्दी झाली, बॉल त्याच्या गुडघ्याला लागला आणि गेला. हे ऐकून तुम्ही मान हलवलीत, माईक घेतलात, आणि परत तोच हरमलचा वीर उसळला. दोडामार्गचा पोरगा त्याच ट्रकावर, मागच्या फळीला टेकून उभा होता. गळ्यात हार होता. तो टाळ्या वाजवत होता.

घरी आल्यावर मी विचारलं होतं, तुम्हाला आठवत असेल तर. आई आदोळीवर नारळ खवत बसली होती, तुम्ही चहात पाव बुडवत होता. मी म्हटलं, बाबा, गोल तर त्या दुसऱ्यानं मारला ना? तुम्ही म्हणालात, “नाटकात बाण कोण मारता? अर्जुन मारता. झांजवाल्यान मारलेलो तू कधी बघलंस?” मी म्हटलं, पण खरंच झांजवाल्यानं मारला तर? त्यावर तुम्ही खेकसलात, “तुका काय कळता त्यातला? लोकांका काय सांगू, गुडघ्याक लागलो म्हणान?” आई खवता खवता थांबली आणि म्हणाली, “पोर बरोबर विचारता.” तुम्ही नारदाच्या आवाजात “नारायण, नारायण” म्हणालात. आणि आम्ही हसलो, बाबा. आम्ही दोघीही हसलो. तो पाव चहात विरघळून गेला होता.

तो दोडामार्गचा पोरगा आता म्हातारा आहे. स्मरणिकेचं कानावर गेलं म्हणून बस बदलत माझ्याकडे आला. चहा दिला, तो बशीत ओतून प्याला, बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला, काजूचं, रस्त्याचं, खाणी परत सुरू होतील का त्याचं. मग एकदम म्हणाला, “गोल माझो. गुडघ्याक लागान गेलो, पण गेलो.” मी म्हटलं, मला ठाऊक आहे. त्याचा चेहरा असा झाला की मला तिथून उठून आत जावंसं वाटलं. म्हणाला, “माका शाल नको, नारळ नको. तुझ्या त्या पुस्तकात एक वळ घाल. घरात माका थापाडो म्हणतत गो. नातू मित्रांका सांगता, आमचो आजो बरो आसा, पण थापा मारता.” ऐकताय ना? आयुष्यभर थापा तुम्ही मारल्यात, आणि थापाडा तो ठरला.

मी म्हटलं, एक ओळ काय, पान घालते. खात्रीसाठी हरमलला गेले. तुमच्या वीराचं पोट सुटलं आहे, समुद्राच्या वाटेवर टुरिस्टांना खोल्या भाड्यानं देतो, स्कूटरही देतो. फाटकावर बॉल रंगवलेला. मला वाटलं भांडेल. तो शहाळं कापत शांतपणे म्हणाला, “हांवें मारलो अशें हांव केन्नाच म्हणूंक ना. म्हाका कोणें विचारूंकच ना. तुज्या बापाशीन म्हाका वयर उडयलो, मागीर सकयल कोणेंच देंवयलो ना.” म्हणजे गोल मी मारला असं तो कधी म्हणालाच नव्हता, वर उडवलंत तुम्ही, खाली उतरवायला कुणी आलं नाही! मी विचारलं, हे लिहू का? म्हणाला, लिही, या वयात मला काय फरक पडतो. मग मला पोचवायला फाटकापर्यंत आला आणि त्या रंगवलेल्या बॉलकडे बघत म्हणाला, हा मात्र असू दे, पोरानं रंगवलाय.

तर मी लिहिलं. साधं, सरळ, कॉर्नर, गर्दी, गुडघा. तुमच्याबद्दल एक वावगा शब्द नाही घातला, फोन मेला होता एवढंच. समितीचा सेक्रेटरी माझाच विद्यार्थी, व्याकरणात कच्चा होता, अजून आहे. त्यानं वाचलं आणि म्हणाला, “टीचर, लोकांक तोच गोल जाय. गुडघ्याचो गोल कोण वाचतलो?” मी म्हटलं, लोकांना हवा तो नाही, जो खरा आहे तो छाप. “हय, हय,” म्हणाला. स्मरणिका छापून आली. माझ्या नावाखाली, माझ्या फोटोखाली, तुमचा गोल! हरमलचा वीर, दोघांना चुकवलं, उसळला, सगळं, आणि शेवटी तीन उद्गारचिन्हं. फोन केला तर म्हणतो, जागा कमी पडली म्हणून जरा बदललं. जास्त शब्द तर तुमच्याच गोलाला लागले! मी फोन आपटला. मोबाईल आपटताही येत नाही नीट.

वर त्यांची अपेक्षा अशी की समारंभात मी तुमच्या जागी उभं राहावं आणि तो गोल माईकवर म्हणून दाखवावा. मी नाही म्हणणार होते. मग वाटलं, माईक हातात येतोय तर सोडायचा कशाला. दोडामार्गला निरोप धाडला, नातवाला घेऊन या. गेल्या रविवारी ते आले, तिसऱ्या रांगेत बसले, म्हाताऱ्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. हरमलचा आला नाही. मी उभी राहिले. भोंगे आता नाहीत, मोठाले काळे स्पीकर असतात. मी सुरुवात केली, कॉर्नर, गर्दी, आणि लोक जागच्या जागी सरसावून बसले. मी त्या माणसाचं नाव घेतलं, संपूर्ण, बापाच्या नावासकट, आणि म्हटलं, बॉल त्याच्या गुडघ्याला... आणि बाबा, पुढं मला बोलताच आलं नाही. अख्खा मांडव एका आवाजात ओरडला, “गोलकीपर पाहतो... आणि पाहतच राहतो!” म्हातारे ओरडले, त्यांच्या सुना ओरडल्या, ज्यांनी तो संघ डोळ्यांनी पाहिला नाही ती पोरं ओरडली. माझं वाक्य त्यात कुठल्या कुठं गेलं. मी परत नाव घेतलं, तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या. आणि सगळ्यांत मोठ्यानं, खुर्चीवर उभा राहून, कोण ओरडत होता ठाऊक आहे? त्याचा नातू.

मी खाली उतरले ती थेट त्यांच्याकडे गेले. माफ करा म्हणणार होते, तर म्हाताराच हसत म्हणाला, “नाव घेतलंस, माका आयकाक इला. बरा केलंस.” मग नातवाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “पण तुझ्या बापाशीची सर तुका नाय गो.”

आता मी कुणावर चिडायचं ते तरी सांगा. त्याची एक ओळ मी कुठं घालू? दुसरी आवृत्ती निघत नाही स्मरणिकेची. नातवाला घेऊन बसवीन, समजावीन, तो मान हलवेल, आणि उद्या वर्गातल्या कुणाची बस चुकली की बाकी सगळ्यांसारखाच तुमचं ते म्हण होऊन बसलेलं वाक्य म्हणेल, पाहतच राहिला. तुम्ही त्या ट्रकावर एक वाक्य बदललं असतं तर हे झालं नसतं. गुडघ्याचा गोलसुद्धा तुम्ही असा सांगितला असतात की आज गावातली पोरं गुडघ्यानं गोल मारायला शिकली असती. तुम्हाला जमलं असतं, हाच माझा राग आहे. मला जमत नाही.

हे कुठं धाडायचं नाहीच. तुमच्या फोटोसमोर वाचूनही दाखवणार नाही, तुम्ही ऐकता ऐकता त्यात सुधारणा कराल. फक्त एक गोष्ट तुमच्याजवळ कबूल करते, त्या म्हाताऱ्याजवळ करवली नाही. रोज डोळे मिटून मी तो कॉर्नर, ती गर्दी आणि तो गुडघा समोर आणायचा प्रयत्न करते. आणि रोज मी परत टेबलाखाली असते, तुमची चप्पल थांबते, आणि मला हरमलचाच उसळताना दिसतो.