बाई आत, नळ बंद

हॅल्गेट, यॉर्कशर
२ सप्टेंबर १९७९

चि. फ्रेडा हिला थोरल्या बहिणीचे, ऑलिव्हचे अ. उ. आ. वि. वि.

आम्ही ठीक. गुडघा दुखतो, पण तो दुखला नाही तर मलाच चुकल्यासारखं होईल. रविवारी टीव्हीवर तुझी मालिका पाहिली. अख्खी गल्ली आमच्या बैठकीत कोंबली होती, माझा नवरा हॅरी जिन्यात बसला. तू दुकानवाली विधवा झालीस आणि तासभर एकदाही हसवलं नाहीस. मी जीव मुठीत धरून होते. वाटलं, आता ही माझ्या लग्नाचा जोक काढणार, मी ‘हो’ म्हणायच्या आधी पाद्र्याच्या झग्यावरचा डाग पुसला तो. पण तू शटर ओढलंस, नुसती उभी राहिलीस, आणि शेजारची हेटी रडायला लागली. मी तिला सांगितलं की गालिच्यावर रडू नकोस.

आता मुद्दा. कामगार क्लबचा सेक्रेटरी बेरॅक्लॉ टोपी हातात घेऊन आला होता. नोव्हेंबरात क्लबला पन्नास वर्षं होतात. तू येऊन कार्यक्रम करावा, आणि तुझा मोठा फोटो पुरुषांच्या बारमध्ये लावायचा, असं कमिटीने ठरवलंय. मी विचारलं की फोटो बारमध्ये असताना फ्रेडा कुठे असेल. तर म्हणे नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरात, बायकांना बारमध्ये यायची बंदी आहे, नियम म्हणजे नियम. मी त्याला चहा दिला नाही.

काय सांगू ते कळव. लोभ असू दे, नसला तर निदान उत्तर असू दे.

तुझी ऑलिव्ह

लंडन
९ सप्टेंबर

ती. ऑलिव्ह हिला धाकटीचा सा. न. वि. वि.

गालिचा वाळला असेल अशी आशा आहे.

फोटो लावतात म्हणे! चौदा वर्षं त्या क्लबात हसवलं मी. मधल्या सुट्टीत गाणारे, जादूवाले सगळे बारमध्ये जाऊन प्यायचे आणि मी भट्टीशेजारी पालथ्या बादलीवर. माझा जोक रंगात आला की हाच बेरॅक्लॉ माइक ओढून गरम पॅटिस आल्याचं जाहीर करायचा. अर्धा हॉल उठायचा. ते तोंडं भरून परत येईपर्यंत मी तशीच उभी. परवा दिग्दर्शकाने विचारलं की न बोलता एवढं उभं राहायला कुठे शिकलात. मी म्हटलं, पॅटिसांनी शिकवलं.

पण खरं सांगते, भीती वाटते. एजंट म्हणतो, जा, पेपरवाल्यांसमोर गोड हस, पुढच्या भागांवर अजून सही झालेली नाही आणि भांडखोर बाई कुणालाच नको असते. या वयात पहिल्यांदाच असं काम मिळालंय की मध्येच कोणी माइक ओढत नाही. ते घालवू का? आणि माझं तोंड भिंतीवर हसत राहणार, मी मात्र बादलीवर, हे तरी कसं गिळू? तुझी साफसफाईची नोकरी त्यांच्या हातात. म्हणून तूच सांग.

आठवण ठेव, मीही ठेवते.

फ्रेडा

हॅल्गेट
१६ सप्टेंबर

चि. फ्रेडास अ. उ. आ. वि. वि.

रडगाणं पुरे. ये.

त्या बारमध्ये पाय ठेवणारी मी एकटी बाई, तेही बादली घेऊन. तिथे आणखी एक नियम आहे, बाई आत असेल तोवर बिअर ओतायची नाही. मी लादी पुसते तेव्हा बारवाला बिअरचा नळ बंद करून उभा राहतो. गेल्या आठवड्यात माझा गुडघा अडला, उघडायची वेळ झाली तरी अर्धी लादी राहिली होती. बाहेर बेरॅक्लॉ आणि मंडळी जीभ बाहेर काढून ताटकळत होती. मी मुद्दाम कोपरे घासले.

तुझा कार्यक्रम किती ताणता येतो ते सांग. चांगले बूट घाल, बराच वेळ उभं राहायचंय. माझ्या नोकरीचं माझं मी बघते. लादी कुठेही असते.

माया कमी करू नकोस. केक पाठवलाय, डबा परत आण.

ऑलिव्ह

लंडन
१२ नोव्हेंबर

ती. ऑलिव्ह हिला सा. न. वि. वि.

गाडी गाठायची म्हणून न भेटता पळाले. डबा राहिलाच.

असे प्रेक्षक मला जन्मात मिळाले नव्हते. बारमध्ये शिरले, बारवाल्याने नियमाप्रमाणे नळ बंद केला, आणि पेपरवाल्यांसमोर मला हाकलायचं धाडस कोणाला झालं नाही. स्नूकरच्या टेबलाला टेकले आणि तुझ्या लग्नापासून सुरुवात केली. कोणी उठेना. उठून जाणार कुठे, बिअर तर तिथेच! जुने जोक संपले, नवे संपले, मग मी नुसती उभी राहिले, शटर ओढल्यासारखी. पेपरवाल्याने रिकाम्या ग्लासांसकट सगळ्यांचा फोटो छापला.

एजंटने तो पाहिला आणि मला सोडलं. सही अजून नाही. दिग्दर्शकाचा फोनही नाही. रात्री झोप लागत नाही, पण पुन्हा बोलावलं तर पुन्हा तेच करीन.

मी गेल्यावर काय झालं ते लिही. जीव लावलाहेस तसाच असू दे.

फ्रेडा

हॅल्गेट
२६ नोव्हेंबर

चि. फ्रेडास अ. उ. आ. वि. वि.

तू गप्प उभी होतीस तेव्हा मी दारातून बघत होते. बेरॅक्लॉने पॅटिस आल्याचं जाहीर केलं आणि पहिल्यांदाच कोणी हललं नाही. घसा कोरडा असताना पॅटिस कोण खाणार! शेवटी आमचा हॅरी ओरडला की बायकांना मेंबर करून बारमध्ये घ्यायचं का यावर घ्या एकदाचं मत, नाहीतर मी इथेच मरतो. एरवी तो घरात मीठसुद्धा मागत नाही. मतदान काल झालं. थोडक्या मतांनी, पण जिंकलो. बेरॅक्लॉ म्हणाला की हे तहानेने झालं. मी म्हटलं, होऊ दे.

मतदान होताच साफसफाईची नोकरी सोडली आणि मेंबर झाले. तुझ्या फोटोखाली बसून पहिला ग्लास मागितला. कडू आहे गं, यासाठी एवढं भांडलो? बेरॅक्लॉ स्वतः मॉप घेऊन आला, म्हणाला की टेबलाखाली सांडलंय. मी पाय वर घेतले.

सही झाली तर कळव. नाही झाली तरी कळव. शनिवार रिकामा आहे, आणि मधल्या सुट्टीत बसायला तुझी खुर्ची मी धरून ठेवलीय.

डबा आण.

तुझी ऑलिव्ह